धूर त्यांचा, धुरे आमचे



गेल्या दोन हंगामांपासून तालुक्या-तालुक्यातून एकच प्रश्न येतो आहे. "भाऊ, गावात कार्बनवाले आले होते. शेताचा नकाशा, सातबारा, आधार मागतात. काही करायचे नाही, फुकटचे पैसे मिळतील म्हणतात. सही करावी का?" एका शब्दात उत्तर द्यायचे तर नको. निदान आज तरी नको. पण आंधळेपणाने सही करू नये तसा आंधळेपणाने नकारही देऊ नये. हा कार्बन काय आहे, तो कोणी हवेत सोडला आणि त्याची किंमत कोण मोजतो आहे, हे समजून घेऊनच नकार द्यावा. म्हणून हा लेख जरा लांबणार आहे. पारावर बसून एकाने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे शाळेच्या पुस्तकातला कर्बवायू. कोळसा, डिझेल, लाकूड जाळले की तो निघतो आणि हिरवे पान तो खाऊन वाढते. कारखान्यांचे युग सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. १९५८ साली चार्ल्स कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर तो नेमाने मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ भाग भरला. २०२४ सालची तिथली सरासरी ४२४ च्या वर गेली आणि मे २०२५ मध्ये महिन्याची सरासरी ४३० च्या पुढे. म्हणजे मुळात होता त्याच्या दीडपट झाला. हा वायू सूर्याचे ऊन आत येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीची धग बाहेर जाऊ देत नाही. तो वाढला की पृथ्वी तापणार, हा हिशोब स्वीडनच्या आरेनियसने १८९६ साली कागदावर मांडून ठेवला होता. तेव्हा "आम्हाला कुठे माहीत होते" ही सबब सव्वाशे वर्षांपूर्वीच संपली. २०२४ हे साल तर कारखानदारीपूर्वीच्या काळापेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेले पहिले साल ठरले.

आता या वायूच्या नावाने आपल्या दारात तीन प्रकारची माणसे येतात. पहिला म्हणतो, रडता कशाला, हे तर पिकांचे खत आहे, फुकट मिळते आहे. दुसरा म्हणतो, पऱ्हाटी जाळता, युरिया टाकता, ढोरे पाळता, गुन्हेगार तुम्हीच. तिसरा गोड बोलतो आणि करारनामा पुढे करतो. तिघांचाही समाचार घ्यायला हवा.

पहिल्याचे म्हणणे सगळेच खोटे नाही. मी कृषी महाविद्यालयात पीकशास्त्र शिकलो. तिथे जे शिकवतात त्यातले अर्धे सत्य उचलून हा माणूस बाजारात बसतो. उरलेले अर्धे आपण पाहू.

पिकांच्या दोन जाती असतात. ब्राह्मण-शूद्र तशा नव्हे, निसर्गाने केलेल्या. कपाशी, तूर, हरभरा, सोयाबीन, गहू ही एका गटातली. यांचे पान कर्बवायू पकडायला जाते आणि चुकून प्राणवायूही पकडून बसते. त्या चुकीत कमावलेले बरेच वाया जाते. हवेत कर्बवायू वाढला की चुका कमी होतात आणि पीक जोमाने वाढते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही दुसऱ्या गटातली. यांच्या पानात कर्बवायू खेचून एका जागी कोंडायचा पंपच असतो. हवेत कमी असला तरी ज्वारीचे भागते, म्हणून तो वाढल्याचे तिला फारसे कौतुक नाही.

अमेरिकेत अॅरिझोना राज्यात मारिकोपा येथे उघड्या शेतात नळ्यांतून कर्बवायू सोडून वर्षानुवर्षे प्रयोग झाले. हवेतला वायू ५५० भागांपर्यंत नेला तेव्हा कपाशीच्या बोंडांचे उत्पन्न सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढले. १९९८ आणि १९९९ साली ज्वारी घेतली. भरपूर पाणी दिलेल्या ज्वारीत दाण्याची म्हणण्यासारखी वाढ झाली नाही. पाणी तोडलेल्या ज्वारीत थोडी झाली, कारण कर्बवायू जास्त असला की पान आपली छिद्रे आखडून घेते आणि ओल जपून वापरते.

मग चाळीस टक्के कपाशी आपल्या घरी का येत नाही? कारण ती मारिकोपाची कपाशी होती. तिला सिंचन होते, खत मोजून होते, वेळेवर होते. आपले रान मुरमाड, नाहीतर भारी काळे आणि तडा गेलेले, सगळे आभाळाच्या भरवशावर. नांगराला चार बैल जुंपले, त्यातल्या तिघांना सरकी-ढेप चारून धष्टपुष्ट केले आणि चौथा लंगडा राहिला, तर तास कोणाच्या चालीने पडेल? कोरडवाहूत लंगडा बैल पाण्याचा आहे. कर्बवायूची ढेप दुसऱ्या बैलाला चारून पाण्याच्या बैलाचा पाय बरा होत नाही. उलट तोच कर्बवायू त्या पायावर दुसरा घाव घालतो.

तो कसा, हे नीट समजून घ्या. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवते. त्यामुळे ती जमिनीतून आणि पानांतून जास्त ओल ओढते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. त्या पट्ट्यात आपण येतो. पावसाची एकूण बेरीज सरासरीएवढी दिसते, रेडिओवर "समाधानकारक" म्हणून सांगतात, आणि शेतात मात्र वीस दिवस कोरडे आणि एका रात्रीत सगळे वाहून गेलेले.

ऑगस्ट २०२३ आठवतो ना? १९०१ पासून देशात एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. पात्या-फुले गळाली, हलक्या रानातली कपाशी करपली. आणि दोन वर्षांनी सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, सोलापूर, नांदेडकडे नद्यांनी पात्र सोडले आणि पिकासकट माती खरवडून नेली. ऑगस्ट २०२३ मागे एल निनोचाही हात होता आणि प्रत्येक ढगावर कर्बवायूचा शिक्का मारलेला नसतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण फासे कोणत्या बाजूला पडावेत म्हणून ते घासले जात आहेत, याबद्दल आता शंका उरलेली नाही. पहिल्याला हे सगळे सांगा आणि विचारा, बाबा रे, तुझे फुकटचे खत वाहून गेलेल्या मातीत टाकू की तडकलेल्या मातीत?

आणखी दोन गोष्टी तो सांगत नाही. कर्बवायूचे खत पिकाला लागते तसे तणालाही लागते. गाजरगवत वाढीव कर्बवायूत चांगलेच फोफावते, आणि निंदणाची मजुरी कोण देतो ते सांगायला नको. दुसरी गोष्ट दाण्याच्या कसाची. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, साडेपाचशेच्या आसपास कर्बवायूत वाढवलेल्या गव्हात जस्त सुमारे नऊ टक्के, लोह पाच टक्के आणि प्रथिने सहा टक्के कमी भरली. ज्वारीवर मात्र असा परिणाम फारसा दिसला नाही. ज्या ज्वारीला रेशनच्या गहू-तांदळाने ताटातून हाकलले, जिचा २०२५-२६ चा हमीभाव ३,६९९ रुपये कागदावर छापला आहे, ती कसाला टिकून राहते. दिल्लीच्या धान्यधोरणाचे शहाणपण यातून मापून घ्या.

आता दुसरा, बोट दाखवणारा. याच्याशी हिशोबानेच बोलले पाहिजे, कारण हा आकडे फेकतो.

पऱ्हाटीतला कर्ब हा जून ते डिसेंबरमध्ये हवेतूनच घेतलेला असतो. ती जाळली तर सहा महिन्यांपूर्वी घेतलेले परत केले, एवढेच. उसनवारी फिटली. चंद्रपूर-वणीच्या कोळशातला कर्ब पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी जमिनीत गाडला गेलेला आहे. तो काढून जाळणे म्हणजे हवेच्या खात्यावर नवे कर्ज चढवणे, आणि त्यातला मोठा हिस्सा शेकडो वर्षे तिथेच राहतो. या दोन धुरांना एकाच दावणीला बांधणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड. (पऱ्हाटी जाळू नका, हे मीही सांगतो. पण ते पृथ्वीवर उपकार म्हणून नव्हे, आपल्या मातीचे नुकसान होते म्हणून. श्रेडर मिळाला तर बारीक करून कुजवा. बोंडअळीचे कोष असलेली पऱ्हाटी धुऱ्यावर रचून मात्र ठेवू नका.)

डिझेलचे पाहा. एक लिटर जाळले की पावणेतीन किलोच्या आसपास कर्बवायू निघतो. कोरडवाहू एकराला नांगरट, वखर, पेरणी धरून वीस लिटर लागले समजा, चोपन्न किलो झाला. युरियातून नायट्रस ऑक्साइड नावाचा जास्त जहाल वायू निघतो. तो कर्बवायूच्या भाषेत मांडला तर एका गोणीमागे पन्नास ते नव्वद किलो धरा. ढोरांच्या रवंथातून निघणारा मिथेनही जहाल खरा, पण तो दहा-बारा वर्षांत विरतो. साठत जातो तो कोळशा-तेलाचा कर्बवायू.

आता चंद्रपूरचे औष्णिक केंद्र घ्या. क्षमता २,९२० मेगावॅट. कोळशावर एक युनिट वीज काढायला साधारण एक किलो कर्बवायू सुटतो. हे केंद्र वर्षभर निम्म्या क्षमतेने चालले असे धरले तरी सव्वा कोटी टनांहून जास्त झाला. आपल्या डिझेलच्या हिशोबाने हा तेवीस कोटी एकरांचा धूर आहे. देशात पेरणीखाली जेवढी जमीन आहे तिचा जवळपास दोन तृतीयांश! एक केंद्र, एक वर्ष. वीज नको असे कोणी म्हणत नाही. आपल्यालाही हवी आहे आणि ती रात्री दोन वाजता नव्हे, दिवसा हवी आहे. पण कोळसा विदर्भाचा, राख विदर्भाच्या शेतावर, धग सगळ्यांच्या डोक्यावर, झगमगाट मुंबई-पुण्याला, आणि गुन्हेगार कोण, तर पऱ्हाटी जाळणारा!

जगाच्या पातळीवर हेच मोठ्या मापाने चालते. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी चौदा टनांच्या आसपास कर्बवायू सोडतो, भारतातला सुमारे दोन टन. आजवर जगाने सोडलेल्यापैकी जवळजवळ पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा. तिथल्या अध्यक्षांनी जानेवारी २०२५ मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा आदेश काढून हात झटकले.

पण गोऱ्यांना शिव्या देऊन आपले काम संपत नाही. तो दोन टनांचा आकडा पुन्हा बघा. ती सरासरी आहे. त्यात दोन वातानुकूलित गाड्या आणि महिन्याला चार विमाने असणारा आहे, आणि एका बल्बवर घर चालवणारी आपली निंदणारी बाईही आहे. सरासरी खाली ओढते ती ही बाई. आपले मुत्सद्दी जागतिक परिषदेत जाऊन तिच्या गरिबीची सरासरी दाखवतात आणि "आम्हाला अजून धूर सोडण्याचा हक्क आहे" म्हणून भांडतात. हक्क मिळतो. तो वापरतात कोण? आणि त्या धुराने पाऊस बिघडला की घर बुडते कोणाचे? परिषदेत आपण ढाल, घरी आल्यावर आपण आरोपी.

याचा पुरावा म्हणून एकच उदाहरण देतो. २०१० साली केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसवला, स्वच्छ ऊर्जेच्या नावाने. तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांना जीएसटीची तूट भरून देण्याकडे वळवला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो उपकरच गेला, साध्या करात विरघळला. सात वर्षे स्वच्छतेच्या नावाने आणि आठ वर्षे दुसऱ्याच नावाने कोळशाच्या प्रत्येक टनामागे वसुली झाली. ज्यांच्या शेतावर त्या कोळशाची धग उतरते त्यांच्या नुकसानभरपाईसाठी हा पैसा आहे, असे त्या सगळ्या काळात एकदाही कोणी म्हटले नाही.

आता तिसरा. हा शिव्या देत नाही, चहा पाजतो. म्हणतो, मशागत कमी करा, काडीकचरा कुजवा, तुमच्या मातीत कर्ब साठेल, तो आम्ही विकू, पैसे तुमच्या खात्यात. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या या ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली. तेव्हापासून गावोगावची वर्दळ वाढली आहे.

पाटी-पेन्सिल घ्या. एक एकर, वरचा सहा इंचाचा थर, वजन साधारण आठ लाख किलो. आपल्या रानात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असला तरी पुष्कळ. तो ०.४५ चा ०.५५ करायचा, म्हणजे आठशे किलो कर्ब मातीत टिकवायचा. कर्बवायूच्या भाषेत तो तीन टन झाला. आपल्या उन्हात हे एका वर्षाचे काम नाही. शेणखत, हिरवळीचे खत, काडीकचरा सगळे नेटाने केले तर पाच वर्षे धरा. टनाला हजार रुपये भाव मिळाला असे समजा. तीन हजार रुपये, पाच वर्षांत. म्हणजे एकरी वर्षाला सहाशे. मोजणी, तपासणी, दलाली यांत निम्मे गेले तर हाती तीनशे. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव आहे क्विंटलला ७,७१० रुपये. म्हणजे चार किलो कापूस झाला. आणि सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये विदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत ताणली, तेव्हा आपल्या एकरी किती किलोचा भाव गेला? चार किलोच्या प्रसादासाठी रांगेत उभे करायचे आणि तेवढ्यात मागच्या दाराने पोते न्यायचे, असा हा व्यवहार आहे.

पैशापेक्षा वाईट आहे तो करारनामा. त्यात मुदत किती वर्षांची आहे ते बघा. मुदतीत जमीन विकली, वाटणी झाली, खोल नांगरट करावी लागली, तर काय? दुष्काळात मातीतला कर्ब उडून गेला तर पैसे परत मागणार का? तंटा झाला तर न्यायालय कोणत्या शहरातले? शेताची माहिती कोणाच्या मालकीची? आणि हे सगळे मराठीत लिहिले आहे का? कोळसा जमिनीत होता तेव्हा त्यातला कर्ब पक्क्या कुलपात होता. आपल्या मातीतला सेंद्रिय कर्ब म्हणजे उघड्यावरचा कडबा, आणि जितकी धग वाढेल तितका तो लवकर झिजणार. म्हणजे त्यांनी हवा तापवायची, त्या तापाने आपला कर्ब उडायचा आणि वर कर्ब टिकवल्याची हमी आपण लिहून द्यायची!

शिवाय तो घेणारा कोण? ज्याला आपला धूर कमी करायचा नाही तो. आपल्या मातीतल्या तीन टनांची पावती दाखवून तो तिकडे तीन टन धूर सोडायला मोकळा. हवेला काय मिळाले? शून्य. सेंद्रिय कर्ब जरूर वाढवा. ओल टिकते, खंडात पीक तग धरते, खत लागू पडते. पण तो आपल्यासाठी वाढवा. दुसऱ्याच्या पापाची पावती फाडायला नको.

मग मागायचे काय? ज्याने हवा बिघडवली त्याने बिघडलेल्या हवेचा विमा भरावा, इतकी साधी मागणी आहे. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयातला विमा बंद केला. कपाशीला पाच टक्के हप्ता शेतकऱ्यावर आला आणि त्याच वेळी हंगामातल्या आपत्तीची, काढणीनंतरच्या नुकसानीची कलमे गाळून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर बांधली. जेव्हा आभाळ सर्वांत लहरी झाले नेमक्या त्याच वेळी छत्रीची काडी काढून घेतली. अतिवृष्टी ठरते महसूल मंडळाच्या एका पर्जन्यमापकावर, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर. आता पाऊस शिवाराला धरून पडत नाही, एका नाल्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे नाही. तेव्हा यंत्र गावागणिक हवे, पावसाच्या खंडाचे दिवस भरपाईत धरले पाहिजेत, आणि गाळलेली कलमे हप्ता न वाढवता परत आली पाहिजेत. पैसा कुठून आणायचा ते कोळशाच्या उपकराच्या इतिहासात लिहिलेले आहे. २०२२ मध्ये जागतिक परिषदेत हानी-नुकसान निधी ठरला. २०२४ मध्ये बाकू येथे श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्ज डॉलर उभे करण्याचे कबूल केले. त्यातला भारताच्या वाट्याचा पैसा दिल्लीत न मुरता धुऱ्यापर्यंत कसा येईल, याचे लेखी उत्तर आपल्या खासदारांकडून घ्यायचे आहे.

येत्या जिल्हा बैठकीत हे ठराव मांडले जातील. येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी आणाव्यात. गावात कोणी कार्बनचा करारनामा दिला असेल तर त्याची प्रत, सही झालेली असो वा नसो. वकील मंडळी ती वाचून कलमागणिक समजावून सांगतील. दुसरी गोष्ट म्हणजे पावसाची वही. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा एक डबा उघड्या जागी, झाडा-छपरापासून दूर, खांबाला बांधा. रोज सकाळी साडेआठ वाजता मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये पाणी मोजून तारखेसह लिहा आणि डबा रिकामा करा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. ते शून्य गाळू नका, खंड त्यानेच सिद्ध होतो. खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. मंडळाच्या यंत्राचा आकडा आणि आपल्या वहीतला आकडा समोरासमोर ठेवून जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे आहे.